गावात घर बांधताना पहाड आणि सेंट्रिंग: काय भाड्याने घ्यायचं, काय विकत

गिट्टी, रेती, लोहा, सिमेंट यांचे भाव घर काढणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. पहाड (वर उभं राहून काम करायची परांची) आणि सेंट्रिंग (ओला स्लॅब पेलणारा तात्पुरता सांगाडा) यांचं मात्र ‘मिस्त्री पाहून घेईल’ म्हणून सोडून दिलं जातं. मग स्लॅबच्या आठवडाभर आधी तालुक्याला फोन सुरू होतात आणि जे हाती लागेल ते, सांगतील त्या भावात आणावं लागतं. मार्च ते मे या काळात तर पावसाच्या आत स्लॅब टाकायची घाई साऱ्या पंचक्रोशीला एकदमच असते.

इथे २० बाय ३० फुटांचं, चार खोल्यांचं, दहा फूट उंचीचं घर धरलं आहे. वर तीन फुटांची पॅरापेट (गच्चीचा कठडा), खाली दोन फुटांचा जोता. तुमचं घर लहान-मोठं असेल त्याप्रमाणे आकडे बदलून घ्या.

भाडं की खरेदी

भाड्याचा दर स्वस्तच असतो. महाग पडतो तो माल पडून राहिलेला काळ. समजा नवा जॅक (स्लॅबखाली लावायचा लोखंडी टेकू) १,२०० रुपयांना येतो आणि त्याचं भाडं दिवसाला ३ रुपये आहे (दर गावोगाव वेगळा, हे फक्त हिशेबापुरतं). म्हणजे तो जॅक ४०० दिवस वापरला तर खरेदी परवडेल. घराला तो लागतो महिनाभर. ८० जॅक ३० दिवसांसाठी आणले तर ७,२०० रुपये भाडं. विकत घेतले तर ९६,००० रुपये अडकले. जॅक आणि प्लेटा (ज्यांवर काँक्रीट ओततात ते लोखंडी पत्रे) विकत घ्यायचा विचारही करू नये.

पण हेच जॅक लोहा यायचा असताना आणून ठेवले, रेती अडली, पैसे यायला वेळ लागला, की तोच हिशेब उलटतो. घरकुलवाल्यांनी याकडे खास लक्ष द्यावं. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागासाठी १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान टप्प्याटप्प्याने, कामाचे फोटो चढल्यावर खात्यात येतं. हप्ता येईल या भरवशावर जॅक आणू नका. लोहा, गिट्टी, रेती, सिमेंट जागेवर पडलं, मजूर पक्के झाले, की मगच गाडी बोलवा. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत जॅक सहज मिळतात, मजूर मिळत नाहीत. उन्हाळ्यात त्याच्या उलट.

विकत घ्यावं ते असं: आतल्या प्लास्टरसाठी चार घोड्या (फळ्या टेकवायचे स्टँड), सहा-आठ फळ्या, एक चांगली शिडी, दोर. घोडी विटांच्या कामापासून रंगापर्यंत लागते, म्हणजे चार-पाच महिने. तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात अँगलची करून मिळते. दहा फुटी छतासाठी चार फूट उंचीची बरोबर. मिस्त्रीचा हात छताला पोचतो आणि मान मोडत नाही. पायांच्या खाली आडवी पट्टी मारून घ्या, नाहीतर पाय भरावात रुततात.

बाहेरच्या प्लास्टरचा एच-फ्रेमचा (एच आकाराच्या लोखंडी चौकटींचा) संच एका घरासाठी घेणं परवडत नाही. पण एका गावात सात-आठ घरकुलं एकाच वर्षी मंजूर झाली असतील, तर वर्गणी करून किंवा बचत गटाच्या नावाने एक संच घेऊन आळीपाळीने वापरणं शहाणपणाचं. काम झाल्यावर गट तो भाड्यानेही देऊ शकतो.

ठेक्याने सेंट्रिंग दिली तर

बहुतेक ठिकाणी सेंट्रिंगवाला चौरस फुटावर बोलतो; माल त्याचा, मजुरीही त्याची. हे सोयीचं आहे, फक्त चार गोष्टी कागदावर घ्या. मोजमाप कशाचं: नुसत्या स्लॅबचं, की बीमच्या बाजू, छज्जा आणि जिना वेगळे धरणार? माल किती दिवस ठेवणार? काढायची मजुरी त्यात आहे का? प्लेट खराब झाली तर कोणाचं नुकसान?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोठा. ठेकेदाराकडे माल मर्यादित असतो आणि पुढच्या गावातला स्लॅब ठरलेला असतो. आठव्या दिवशी माणसं येऊन ‘आता पक्का झाला’ म्हणत जॅक सोडू लागतात. घरमालक वावरात असतो. म्हणून बोलणी करतानाच २१ दिवस ठरवा आणि शेवटचा हप्ता माल काढून झाल्यावरच द्या.

किती माल लागतो

पाच इंची स्लॅबचं ओझं लोकांना कमी वाटतं. १० बाय १२ च्या एका खोलीवर नुसतं काँक्रीट साडेतीन टन बसतं. त्यावर प्लेटा, माणसं, घमेली, ढीग पडलेला माल धरला तर साडेपाच टनांच्या आसपास जातं. हे सगळं पहिले काही दिवस जॅकवरच असतं.

प्लेट साधारण ३ बाय २ फुटांची, म्हणजे ६ चौरस फूट. ६०० चौरस फुटांना १०० प्लेटा. कडेला कापून बसवायला थोडे प्लायचे तुकडे वेगळे. प्लेटा तीन फुटांवर टाकलेल्या दांड्यांवर बसतात आणि दांड्याखाली दर तीन फुटांवर जॅक. आता इथे एक चूक हमखास होते. एकूण चौरस फुटांना नऊने भागतात आणि ६७ जॅक मागवतात. ते पुरत नाहीत, कारण प्रत्येक खोलीत भिंतीलगत वेगळी ओळ लागते. १० बाय १२ च्या खोलीत चार ओळी आणि ओळीत पाच, म्हणजे २० जॅक. तेव्हा खोली-खोलीने मोजा: चार खोल्यांना ८०. हे भिंतींवर स्लॅब बसणाऱ्या घराचं झालं. कॉलम-बीमचं घर असेल आणि भिंती नंतर चढणार असतील, तर बीमखाली दर तीन फुटांना आणखी एक धरा. दीडशे फूट बीम असेल तर पन्नास जॅक वाढले. वर पाच-सात जास्तीचे ठेवाच, कारण आलेल्या मालात तेवढे आटे गेलेले निघतात.

जॅकची उंची विचारून घ्या. दहा फुटांच्या खोलीला दोन मीटरपासून साडेतीन मीटरपर्यंत उघडणारा जॅक चालतो. आखूड जॅक आणून खाली विटांची थप्पी लावणं हा प्रकार गावोगावी दिसतो. वीट तडकते, थप्पी सरकते आणि जॅक सुटतो. तसं करायची वेळ आली तर तो जॅक परत पाठवा.

बाहेरच्या प्लास्टरसाठी एका वेळी एक बाजू धरा. ३० फुटी बाजूला दोन मीटर अंतराने सहा फ्रेम, दोन थर म्हणजे १२ फ्रेम. पाच गाळ्यांना (दोन फ्रेममधल्या जागांना) पुढून-मागून क्रॉस म्हणजे तिरप्या जोडपट्ट्या, दोन थरांत २०. फ्रेमच्या पायांखाली १२ बेस प्लेट, थर जोडायला १२ पिना, आणि उभं राहायच्या थराला गाळ्यामागे चार, म्हणजे २० फळ्या. हाच संच फिरवून चारही बाजू होतात.

माल घेताना तपासणी

गोदामात उजेड कमी असतो आणि गाडीवाला घाई करतो. तरी प्रत्येक नग हाताखालून घाला.

पाईप खरेदी करत असाल, नवा किंवा जुना, तर काट्यावर ठेवा. घरात कापूस-सोयाबीनचा काटा असतोच. पहाडाचा पाईप बाहेरून ४८.३ मिलिमीटरचा असतो. भिंत ३.२ मिलिमीटर जाड असेल तर तीन मीटरचा तुकडा साधारण १०.७ किलो भरतो. तोच दोन मिलिमीटरचा असेल तर सातच्याही आत. दोन्ही बाहेरून अगदी सारखे दिसतात; रंगाने फसवता येतं, वजनाने नाही. जुन्या मालाला ताजा रंग मारलेला असेल तर जोड आणि टोकं खरवडून पाहा. रंगाखाली गंजाची खपली किंवा नवी वेल्डिंग निघते.

जॅकचं नट हाताने वरपासून खालपर्यंत फिरलं पाहिजे. सिमेंटने जाम झालेलं नट स्लॅबच्या दिवशी हातोड्याने फिरवावं लागतं आणि शेजारच्या जॅकला धक्के बसतात. पाईप सपाट जागेवर लोळवा. वाकडा असेल तर उड्या मारतो. वाकडा जॅक भार घेत नाही, आणखी वाकतो.

मग पिन. जॅकच्या आतल्या पाईपाला भोकं असतात, त्यात घातलेल्या पिनेवर सगळा भार असतो. असली पिन जाड, कडक लोखंडाची, साखळीने अडकवलेली असते. ती हरवली की मजूर आठ मिलिमीटरच्या सळाखीचा तुकडा घालतात. तो तुकडा भोकात सैल बसतो, दोन कडांवर चेपतो, हळूहळू वाकतो आणि जॅक अर्धा इंच खाली जातो. ते खालून सहज दिसतही नाही. माल उतरवताना पिना वेगळ्या मोजा. कमी असतील तर तेव्हाच मागवा.

फ्रेमच्या वेल्डिंगला चीर, क्रॉसच्या मधल्या रिबिटला ढिलेपणा, क्लॅम्पच्या बोल्टचे आटे, प्लेटांना पडलेला पोक आणि भोकं, एवढं पाहिलं की पुरे. क्लॅम्प दोन तऱ्हेचे येतात: काटकोनात पक्का बसणारा आणि फिरणारा. आडव्या पाईपांना पक्का, तिरप्यांना फिरणारा. सगळेच फिरणारे आले तर पहाड डोलतो.

चलनावर नगांची संख्या, आधीच वाकलेल्यांची नोंद, निघाल्याची तारीख, हरवल्यास लावायचा दर, अनामत आणि कमीत कमी किती दिवसांचं भाडं लागणार, हे लिहून घ्या. गाडी, हमाली आणि सफाईचे पैसे वेगळे लागतात का तेही विचारा. गाडी उतरल्यावर ढिगांचे फोटो काढा.

काळी माती आणि जोत्यातला भराव

विदर्भात सेंट्रिंग बिघडते ती बहुतेक जॅकच्या पायाखाली. कापसाची काळी माती उन्हात दगडासारखी टणक होते आणि पाणी लागलं की लोण्यासारखी. एप्रिल-मेमध्ये वादळासोबत येणारा अवकाळी पाऊस एक रात्र पडला तरी तिच्यावर उभी केलेली बेस प्लेट इंचभर खाली जाते. सगळ्या जॅकखाली सारखी गेली असती तर एवढं बिघडलं नसतं. पण पन्हाळ पडते त्या बाजूचे चार जातात, बाकीचे राहतात, आणि ओल्या स्लॅबला मधोमध चीर पडते.

घरात जॅक जोत्याच्या भरावावर उभे राहतात. तो मुरूम सहा-सहा इंचांचे थर टाकून, पाणी मारून ठोकलेला असेल तर ठीक. ट्रॉलीने ओतून वरून सपाट केला असेल तर स्लॅबच्या वजनाने तो बसणारच. सोपी परीक्षा: सब्बल जोर न लावता सोडा. अर्ध्या फुटाच्या पुढे गेली तर तिथे पुन्हा पाणी मारून ठोका आणि दोन दिवस जाऊ द्या.

बेस प्लेटखाली लाकडी फळी हवी: नऊ इंच रुंद, दोन इंच जाड आणि किमान दोन जॅकांना पुरेल एवढी लांब. फरशीचा तुकडा चालत नाही. एका कडेवर भार आला की मोडतो. बाहेर काळ्या मातीवर पहाड लावायचा असेल तर आधी वरची भुसभुशीत माती काढून मुरूम टाका, तो ठोका आणि पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार द्या.

उभारणी आणि स्लॅबचा दिवस

जॅक ओळंब्यात उभा हवा. तिरपा जॅक सरळ जॅकएवढा भार घेत नाही. सगळे उभे झाले की मध्यावर दोन्ही दिशांनी आडवे पाईप किंवा बल्ल्या बांधा, आणि ओळीच्या टोकांना तिरपे. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण खाली चालायला अडचण होते. पण काँक्रीट एका कोपऱ्यात ओतायला सुरुवात झाली की सगळा सांगाडा बाजूला ढकलला जातो, आणि त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं.

मिक्सरच्या लिफ्टचा खांब सेंट्रिंगला बांधू देऊ नका. दिवसभर त्याचे हादरे जॅकना बसतात. तो स्वतंत्र ताणून उभा करा.

प्लेटांना सेंट्रिंगचं ऑइल पातळ लावा. गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून थापतात. मग छताला काळे डाग राहतात आणि प्लास्टर धरत नाही, टाचे मारत बसावं लागतं.

स्लॅब पडत असताना एक माणूस खाली पाहिजे, हातात नट फिरवायचा दांडा घेऊन. त्याच्यासाठी खूण करून ठेवा: प्रत्येक खोलीच्या मधल्या प्लेटला एक लांब पट्टी खिळ्याने लटकवा आणि जमिनीत खुंटी ठोकून पट्टीचं टोक येतं तिथे खुंटीवर पेन्सिलची रेघ मारा. टोक रेघेच्या खाली गेलं की ती बाजू बसतेय. लगेच वर काँक्रीट थांबवून जॅक कसता येतो. दोन-तीन तासांनी काँक्रीट आवळू लागल्यावर कसलं तर उलट चीर पडते.

कधी काढायचं

काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यात दिलेली किमान मुदत अशी: कॉलम आणि बीमच्या बाजूच्या पाट्या १६ ते २४ तास, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (इथे आधारापासून आधारापर्यंतचं अंतर) स्लॅबचे जॅक ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस, त्यापुढे २१. सातव्या दिवशी काढायला येणारा ठेकेदार याच आकड्याचा दाखला देतो. पण ही मुदत ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटची आहे. गावात बहुतेक पोती पीपीसीची (राख मिसळलेल्या सिमेंटची) येतात, आणि तिला ताकद धरायला वेळ लागतो. त्यातून उन्हाळ्यात पाणी कमी पडलेलं असतं. म्हणून घरगुती कामाला स्लॅब १४ आणि बीम २१ दिवस धरून चाला. उभारणी, लोहा बांधणं आणि काढणी मिळून आठ-नऊ दिवस जातात. तेव्हा भाडं एक महिन्याचंच धरा.

प्लेटांचं भाडं वाचवायचं असेल तर ते उभारतानाच ठरवावं लागतं. जॅकच्या ओळीवरची प्लेटांची पट्टी वेगळी ठेवायची, म्हणजे मधल्या प्लेटा आधी काढल्या तरी ती पट्टी आणि तिचे जॅक हलत नाहीत. सगळं सोडून पुन्हा जॅक लावू म्हणणाऱ्यावर विसंबू नका. मधल्या अर्ध्या तासात जे व्हायचं ते होऊन जातं.

काढताना खोलीच्या मधून सुरुवात करून भिंतीकडे या. छज्जा आणि बाल्कनीचं उलट: बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे. छज्ज्याच्या मागची भिंत वर चढेपर्यंत त्याचे टेकू ठेवा, नाहीतर तो मुळापासून झुकतो.

बांबूचा पहाड

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे बांबू अजूनही सोयीचा पडतो, आणि बोळ अरुंद असेल तर फ्रेम शिरतही नाही. मानवेल भरीव असतो, पहाडाला तोच बरा. कटांग जाड पण पोकळ. तीन वर्षांचा पिकलेला, किमान अडीच-तीन इंच जाडीचा निवडा. कोवळ्या बांबूला घुण लवकर लागते. टोकाशी पिवळी भुकटी दिसली तर घेऊ नका. बुरडाकडून घ्या किंवा वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडून. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचा अधिकार मिळाला. जंगलातला बांबू पासाशिवाय ट्रॉलीत घालू नका.

३० फूट लांब, १५ फूट उंच बाजूला दुहेरी पहाडासाठी (उभ्या बांबूंच्या दोन ओळी) अठरा फुटी चाळीस बांबू लागतात. उभे दर पाच फुटांना, दीड-दोन फूट गाडलेले. जोडाला तीन फुटांचा दुपट्टा (एक बांबू दुसऱ्यावर चढवलेला) आणि दोन ठिकाणी बांध. उन्हात बांबू आणि काथ्या दोन्ही सुकतात आणि गाठ ढिली होते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी सगळ्या गाठी हाताने ओढून पाहा.

भिंतीत भोक ठेवून आडवा बांबू टेकवायची रीत असेल तर एकाच आडव्या विटेचं भोक ठेवा. मीटरपेक्षा अरुंद भिंतीच्या तुकड्यात आणि कमानीजवळ नको, चार इंची भिंतीत तर मुळीच नको. पहाड उतरवताच भोक काँक्रीटने भरा. राखेच्या विटांच्या भिंतीत नुसता तुकडा कोंबून वर प्लास्टर केलेली भोकं पहिल्याच पावसाळ्यात ओल दाखवतात.

वर काम करताना

फळी दीड इंचापेक्षा पातळ नको, आणि दीड इंची फळीच्या टेकणांत पाच फुटांपेक्षा जास्त अंतर नको; फ्रेमच्या दोन मीटर गाळ्याला त्याहून जाड फळी हवी. टोकाला अर्धा फूट बाहेर आणि दोन्ही कडांना बांधलेली. मोकळ्या टोकावर पाय पडला की फळी उलटते. काम करायच्या थराला कमरेएवढा आडवा कठडा आणि त्याखाली आणखी एक. पहाडाची उंची रुंदीच्या तिपटीहून जास्त होत असेल तर तो भिंतीला बांधायचा, १.२ मीटर रुंद फ्रेमचे दोन थर झाले की ती वेळ आलीच. खिडकीतून आत आडवा पाईप अडकवून बांधता येतो.

घरावरून किंवा जवळून वीज तार गेली असेल तर लोखंडी पहाड उभारण्याआधी महावितरणच्या कार्यालयात अर्ज द्या आणि पुरवठा बंद करून घ्या. पाईप उभा करून नेऊ नका, आडवाच न्या. मे महिन्यात दुपारी पाईप हाताला चटके देतो आणि माणूस तो मध्येच सोडतो, म्हणून उभारणी सकाळी दहाच्या आत उरकायची, हातमोजे द्यायचे.

परत देताना

भाडं बहुतेक ठिकाणी माल गोदामात जमा होईपर्यंत चढत राहतं. काम संपलं म्हणून थांबत नाही. काढायच्या दिवशीच गाडी सांगून ठेवा. प्लेटांवरचं सिमेंट ओलसर असतानाच खरवडा, नटांवर थोडं तेल टाका, पिना एका पोत्यात भरून मोजा. गोदामात स्वतः जा, जुन्या चलनाशी नग जुळवून ‘माल पूर्ण जमा’ असं लिहून सही घ्या आणि अनामत तिथेच परत मागा.